नकली गोळीचा पंचनामा कोण करणार?

(दारव्हा येथे तालुक्यातील बचत गटांच्या आणि आरोग्याच्या कामात असलेल्या स्त्रियांच्या बैठकीत केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन करताना बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.)



'बोगस' हा शब्द मी तुम्हाला शिकवायला नको. पेरणी झाली, पाऊस पडला आणि आठवडाभरात तासात अंकुर दिसला नाही, की बांधावर उभं राहून आपणच म्हणतो, बियाणं बोगस निघालं. चोरबीटी म्हणजे काय हे या भागातल्या शाळकरी पोरीलाही माहीत आहे. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. शेतातलं नुकसान उघड्यावर असतं. तालुका कृषी कार्यालयात तक्रार देता येते, पाकीट आणि बिल मागतात, पंचनामा होतो, पेपरात बातमी येते. भरपाई मिळते की नाही हा पुढचा भाग. पण नुकसान झालं, हे तरी कोणी नाकारत नाही.

आता मला सांगा, रक्तवाढीची गोळी बोगस निघाली तर काय होतं?

काहीच होत नाही. बाई सकाळी उठते, पाणी भरते, स्वयंपाक करते, निंदायला जाते. दम लागतो, पाय ओढतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तीन महिने गोळ्या खाऊनही तसंच चालू राहतं. सासू म्हणते, आम्ही नाही का केलं सगळं? नवरा म्हणतो, तुझं नेहमीचंच आहे. आणि बाई स्वतः म्हणते, माझं अंगच कमजोर. गोळीवर संशय घ्यावा, हे कोणाच्या मनात येत नाही. बाईच्या थकव्याची कोणी दखलच घेत नाही, म्हणून नकली गोळीला साक्षीदार मिळत नाही. आजच्या माझ्या बोलण्याचा विषय हाच आहे: लोह, कॅल्शियम, क्षार या नावाखाली विकल्या जाणाऱ्या नकली मालाचा, आणि तो आपल्याच माथी का मारला जातो याचा.

सगळ्याच औषधांच्या नकला होतात. पण क्षारांच्या गोळ्यांची नक्कल करणाऱ्याला एक मोठी सोय आहे. डोकेदुखीची गोळी खोटी निघाली तर ती संध्याकाळपर्यंत पकडली जाते, डोकं दुखतच राहतं. तापाची गोळी दोन दिवसांत पकडली जाते. कॅल्शियमची खोटी गोळी मात्र पाच वर्षं पकडली जात नाही. हाडं ठिसूळ होतात ती हळूहळू, आणि ती झाली हे कळतं ते म्हातारपणी न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडल्यावर. तेव्हा पंधरा वर्षांपूर्वीच्या गोळीचं नाव कोण काढणार?

दुसरी सोय मालाची. कॅल्शियमच्या बहुतेक गोळ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात, आणि कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे शुद्ध केलेली चुनखडी. आपल्या जिल्ह्यात वणीकडे चुनखडीच्या खाणी आहेत, तीच जात. म्हणजे खऱ्या गोळीचा कच्चा मालही काही सोन्याच्या भावाचा नाही. मग आपण पैसे कशाचे मोजतो? खात्रीचे. गोळीत लिहिलंय तेवढं कॅल्शियम आहे, शिसं वगैरे विषारी धातू त्यात नाहीत, आणि ती पोटात गेल्यावर विरघळते, दगडासारखी तशीच बाहेर पडत नाही, याची खात्री. नकली माल बनवणारा नेमकी हीच खात्री वगळतो आणि तिची किंमत मात्र वसूल करतो.

आणि तिसरी सोय म्हणजे गिऱ्हाईक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षं वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे गोळ्या वाटल्या, मोहिमा झाल्या, आणि आकडा वर गेला. निम्म्याहून जास्त बायकांना ज्या वस्तूची गरज आहे, ज्या वस्तूचा परिणाम लगेच दिसत नाही आणि जिचा कच्चा माल स्वस्त आहे, तिच्या धंद्यात चोर शिरणार नाही तर कुठे शिरणार?

हे मी हवेत बोलत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने ऑगस्ट महिन्याच्या तपासणीची यादी जाहीर केली. पन्नासहून अधिक औषधांचे नमुने कसोटीला उतरले नव्हते. त्यात एक नाव शेलकॅल ५०० हे होतं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची ही गोळी. तुमच्यापैकी अनेकींच्या घरात हिची पट्टी असेल, इतकी ती खपते. यादी येताच टॉरेंट कंपनीने खुलासा केला की तपासलेला नमुना आमच्या मालाचा नाहीच, तो आमच्या नावाने कोणीतरी काढलेला नकली माल आहे. आमच्या खऱ्या पट्टीवर क्यूआर कोड असतो. कंपनीचं म्हणणं खरं धरून चालू. मग प्रश्न उरतो की ती गोळी बनवली कोणी? किती बनवल्या? कोणत्या गावच्या दुकानात त्या गेल्या? कोणत्या बाळंतिणीने, कोणत्या म्हातारीने त्या महिनोन्‌महिने खाल्ल्या? वर्तमानपत्रांत चार दिवस कंपन्यांची नावं छापून आली, शेअरच्या भावाची चर्चा झाली. खाणारीबद्दल एक ओळ नव्हती.

आणखी जवळचं उदाहरण देते, ते क्षारांचं नाही, प्रतिजैविकांचं आहे, पण आपल्याच विदर्भातलं आहे. नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयात पुरवलेली प्रतिजैविकं अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीत बनावट निघाली. ज्या कंपनीचं नाव वेष्टनावर होतं, ती कंपनीच अस्तित्वात नव्हती. नागपूर ग्रामीण पोलिसांनी सप्टेंबर २०२४ मध्ये आरोपपत्र दाखल केलं, त्यात म्हटलंय की त्या गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च होतं, आणि त्या हरिद्वारच्या, जनावरांची औषधं बनवणाऱ्या एका ठिकाणी तयार झाल्या होत्या. खटल्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण सरकारी दवाखान्याच्या कपाटापर्यंत पावडर पोचू शकते, एवढं त्यातून दिसलं.

आमच्या पिढीला यात नवल वाटलं नाही. १९८६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिल्यानंतर १४ रुग्ण दगावले होते. औषधी ग्लिसरीनच्या जागी कारखान्यातलं, विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं ग्लिसरीन आलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने पुरवठादारापासून रुग्णालय, औषध प्रशासन आणि मंत्र्यांपर्यंत सगळ्यांवर ताशेरे ओढले. ते प्रकरण बाहेर आलं, कारण माणसं मेली. चौदा माणसं एकाच इमारतीत, थोड्याच दिवसांत मेली. निरुपयोगी लोहाच्या गोळीने माणूस असा मरत नाही. एक बाई बाळंतपणात जास्त रक्त जाऊन दगावते, अंगात मुळातच रक्त नव्हतं म्हणून. दाखल्यावर लिहितात, रक्तस्राव. गोळीचं नाव त्यात येत नाही.

कायद्यातही हाच मुद्दा अडतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे. त्याच्या १७-ब कलमात बनावट औषधाची व्याख्या आहे, आणि दुसऱ्या औषधाची नक्कल असलेलं किंवा त्याच्यासारखं भासवून फसवणारं औषध तीत स्पष्टपणे येतं. २००८ च्या दुरुस्तीने शिक्षा कडक केली. बनावट औषधाने मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर किमान दहा वर्षं, जन्मठेपेपर्यंत. आणि दंडाची रक्कम त्या रुग्णाला किंवा मागे राहिलेल्या नातेवाइकांना द्यायची. वाचायला चांगलं आहे. पण बाईचं हिमोग्लोबिन सातवर राहिलं, ती तीन वर्षं अर्ध्या ताकदीने जगली, ही गंभीर इजा कोणत्या कोर्टात सिद्ध करायची? कायद्याला मरण समजतं, जखम समजते. थकवा समजत नाही. आणि माल बनावट नाही, फक्त 'प्रमाणित दर्जाचा नाही' असं ठरलं, तर २०२३ च्या जनविश्वास कायद्यानंतर तडजोडीने दंड भरून सुटायची वाटही मोकळी झाली आहे. औषधांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संघटनांनी याला विरोध केला होता, तो योग्यच होता असं माझं मत आहे.

आता नकलेचा दुसरा प्रकार. यात गोळी खोटी नसते, नाव खोटं असतं. खपणाऱ्या औषधाच्या नावातलं एखादं अक्षर बदलायचं, डबीचा रंग तोच ठेवायचा. आपल्यातल्या किती जणी इंग्रजी नाव वाचून औषध मागतात? आपण म्हणतो, 'ती लाल बाटली द्या', 'मागच्या वेळची हिरव्या डब्यातली'. नक्कल करणारा नेमका या वाक्यावर जगतो. न्यायालयांना हे कळत नाही असं नाही. अमृतधारा आणि लक्ष्मणधारा या दोन औषधांचा वाद सर्वोच्च न्यायालयात १९६२ च्या सुमारास गेला होता, तेव्हा न्यायालयाने कसोटी धरली ती साध्या गिऱ्हाइकाची, ज्याला नाव अर्धवट आठवतं त्याची. २००१ मध्ये कॅडिला नावाच्या दोन कंपन्यांच्या भांडणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की औषधांच्या बाबतीत नावाच्या सारखेपणाची कसोटी जास्त कडक हवी, कारण इथे चूक झाली तर जीव जातो. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ग्लेनमार्क कंपनीच्या मलमाच्या नावाची आणि वेष्टनाची नक्कल झाल्याचं प्रकरण आलं. न्यायमूर्ती काथावाला यांनी नक्कल करणाऱ्या कंपनीला दीड कोटी रुपये भरायला लावले. औषध म्हणजे मिठाई नव्हे, असं त्यांनी सुनावलं, आणि ती रक्कम केरळच्या पूरग्रस्त निधीत गेली.

निकाल चांगले आहेत. पण पाहा, या सगळ्या खटल्यांत भांडणारे दोघंही दुकानदार आहेत. एकाच्या नावाचं नुकसान झालं म्हणून तो कोर्टात गेला. जिने नकली मलम लावलं, जिने भलतीच बाटली रिचवली, ती या खटल्यात वादीही नाही आणि साक्षीदारही नाही.

तिसरा प्रकार मला सर्वांत चलाख वाटतो, कारण तो कायद्याच्या कुंपणाच्या आत राहून केला जातो. औषधाचा परवाना घेण्याऐवजी अन्नाचा परवाना घ्यायचा. प्रोटीनची पावडर, लोह-कॅल्शियमचं सरबत, 'स्त्रियांसाठी खास' गोळ्या. डबी औषधासारखी, दुकान औषधाचं, सांगणारा पांढऱ्या कोटातला. आणि कोपऱ्यात, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं की हे औषधी वापरासाठी नाही. ही ओळ आरोग्य-पूरकांच्या लेबलावर असणं बंधनकारक आहे, म्हणून ती असते. वाचता यावी म्हणून नसते. पन्नास वर्षांमागे टॉनिकच्या बाटल्या हेच करत होत्या. ऐंशीच्या दशकात लोकविज्ञान चळवळीतले डॉक्टर गावोगाव टॉनिकचा फोलपणा समजावत फिरायचे. बाटलीची डबी झाली, एवढाच फरक.

या जातीतलं सर्वांत संतापजनक उदाहरण जलसंजीवनीचं. हगवण लागलेल्या मुलाला पाण्याबरोबर साखर आणि क्षार मोजून द्यायचे, ही किती साधी आणि किती मोठी गोष्ट! १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ती वापरून हजारो जीव वाचवले. जागतिक आरोग्य संघटनेचं आजचं सूत्र एक लिटर पाण्याला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असं आहे. प्रमाण चुकलं, साखर जास्त झाली, तर जुलाब थांबायच्या ऐवजी वाढतात. आणि आपल्या बाजारात काय आलं? नावात 'ओआरएस' ही अक्षरं घातलेली, फळांच्या चवीची गोड पेयं, ज्यांत साखर या सूत्राच्या कित्येक पट. मेडिकलच्या काउंटरवर खऱ्या पाकिटाशेजारी ठेवलेली. आई दुकानात जाऊन ओआरएस मागते, तिच्या हातात हा डबा येतो.

याविरुद्ध उभी राहिली ती एक बाई. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष. सुमारे आठ वर्षं त्यांनी पत्रं लिहिली, लोकांना समजावलं, कोर्टात गेल्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हे नाव वापरायला मनाई केली, आणि तीनच महिन्यांत, जुलैमध्ये, 'हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस नाही' अशी ओळ छापून पुन्हा परवानगी दिली. बघा हं, विषाच्या बाटलीवर 'हे दूध नाही' असं लिहून तिला दूध म्हणून विकायची मुभा द्यावी, तसाच हा प्रकार. शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ ला प्राधिकरणाने ही परवानगी मागे घेतली. कंपन्या साठा विकू द्या म्हणून कोर्टात धावल्या. तेव्हा तुमच्या गावातल्या दुकानात असं पेय अजून दिसलं, तर त्या अक्षरांकडे लक्ष द्या आणि तक्रार करा. आणि पाकीट नसेलच हाताशी, तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. हे प्रत्येकीला तोंडपाठ हवं.

आता आपल्या लाल गोळीकडे येते. कारण नकली मालाला गिऱ्हाईक मिळतं त्यात या गोळीच्या बदनामीचा मोठा हात आहे. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. फुकट मिळते. पण तांड्यावर, वस्तीवर ऐकायला काय मिळतं? 'माय वो, गोयी खाल्ली का जीव मयमय करते, अन्‌ संडासले कायी होते.' मग गोळ्या पत्र्याच्या डब्यात पडून राहतात आणि 'ताकदीची बाटली' उधारीवर येते. फुकट म्हणजे हलकं, महाग म्हणजे खरं, हे आपल्या मनात कोणी भरवलं? मळमळते ही खरी तक्रार आहे, तिची टिंगल करायची नाही. जेवणानंतर तासाभराने, किंवा रात्री झोपताना घेतली तर त्रास कमी होतो. शौच काळी होणं हे लोह पोटात गेल्याचं लक्षण आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सोबत लिंबू किंवा आवळा चालेल, चहा नको. आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घ्यायची नाही, दोन्हींत काही तासांचं अंतर हवं, कारण कॅल्शियम लोहाला अडवतं.

यात माझी एक तक्रार मात्र सरकारी यंत्रणेवर आहे. गोळ्या जेव्हा उपकेंद्रात संपलेल्या असतात, तेव्हा बाईला दुकानाकडे बोट दाखवलं जातं, आणि तिथून पुढे तिला कोणीच वाली नसतो. साठा संपणं ही कारकुनी अडचण म्हणून सोडून देता येणार नाही. नकली मालाला दार तिथेच उघडतं. ग्रामसभेत उपकेंद्राचा साठा विचारायला आपल्याला कोणी रोखलेलं नाही.

आणखी एक सावधगिरी. गोळ्या नियमित खाऊन महिन्या-दीड महिन्यात हिमोग्लोबिन वाढलं नाही, म्हणजे गोळी बोगसच, असं लगेच ठरवू नका. पोटात जंत असतील. पाळीत फार रक्त जात असेल आणि लाजेने सांगितलं नसेल. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. सिकलसेलमध्ये रक्त कमी असतं ते लोहाच्या अभावाने असतंच असं नाही. तपासणी न करता वर्षानुवर्षं लोह घेत राहणं बरोबर नाही. तेव्हा आधी रक्ताची तपासणी, मग औषधाची.

गोळीची तपासणी घरी होते का, असं मघाशी एकीने विचारलं. नाही होत. कॅल्शियमची गोळी व्हिनेगरमध्ये टाकली तर फेस येतो असं सांगतात, पण साध्या चुनखडीच्या खड्यालाही तसाच फेस येतो. मिठात आयोडीन आहे का हे पाहायचा छोटा संच असतो. एक थेंब टाकला की मीठ निळं-जांभळं होतं. काही जिल्ह्यांत आशाताईंना तो दिला गेला. लोहासाठी आणि कॅल्शियमसाठी असं काही आपल्या हातात नाही. तिथे प्रयोगशाळाच लागते, आणि प्रयोगशाळेचं दार कायद्याने आपल्यासाठी उघडं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. औषध कायद्याचं २६ वं कलम सांगतं की कोणीही व्यक्ती, किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, ठरलेली फी भरून विकत घेतलेलं औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. ३२ व्या कलमाखाली बाधित व्यक्ती किंवा अशी संघटना स्वतः खटला दाखल करू शकते, निरीक्षकाची वाट पाहावी लागत नाही. अन्नाचा परवाना असलेल्या पावडरींसाठी २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचं ४० वं कलम आहे. माल दोषी निघाला तर तपासणीची फी परत मिळते. एकटीला हे जमणार नाही. फी आहे, यवतमाळच्या चकरा आहेत, बुडालेली मजुरी आहे. पण दहा बचत गट मिळून वर्षाला दोन नमुने तपासून घेऊ शकतात की नाही? कर्ज देताना जामीन विचारतो, तसा मेडिकलवाल्यालाही प्रश्न विचारायला शिकू.

पण त्यासाठी हातात पुरावा लागतो, आणि गरीब बाईच्या हातात तो राहत नाही. का, ते सांगते. दहा गोळ्यांची पट्टी घ्यायला पैसे नसतात. आपण म्हणतो, चार द्या. दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो. बॅच नंबर, मुदतीची तारीख छापलेला तुकडा दुकानातच राहतो. बिल मागितलं तर चार गोळ्यांचं कसलं बिल, म्हणून हसतो. म्हणजे ज्या बाईला फसवणं सर्वांत सोपं, तिच्याच हातात काही शिल्लक राहत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे जास्त खपाच्या औषधांवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालं, फोनने तो टिपला की बॅच, तारीख, कारखाना सगळं दिसतं. चांगली सोय. फक्त चार गोळ्यांच्या तुकड्यावर तो कोड येत नाही, आणि घरातला मोठा फोन पोराच्या खिशात असतो. म्हणून माझी सूचना अशी, की गटाने मिळून अख्ख्या पट्ट्या घ्याव्यात, पक्कं बिल गटाच्या नावाने घ्यावं, आणि पट्टीचा नंबर लिहिलेला भाग शेवटी खावा. म्हणजे दुसऱ्या टोकापासून गोळ्या काढत यायच्या. रिकामी पट्टी फेकायची नाही, वहीत चिकटवायची.

ग्राहक आयोगाचाही रस्ता आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. पण तो विकत घेणारीसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार जो दवाखाना सगळ्यांनाच फुकट सेवा देतो, त्याच्याविरुद्ध ग्राहक म्हणून जाता येत नाही. म्हणजे सरकारी दवाखान्यातून फुकट मिळालेली गोळी बनावट निघाली, तर आपण ग्राहक नाही. मग आपण कोण? नागरिक तर आहोत ना. तिथे अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार, जिल्हा शल्यचिकित्सकांना प्रत, आणि साठ्याच्या नोंदीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज, हे तीन कागद चालतात. औषध प्रशासनाचा फुकट फोन १८००-२२२-३६५ आहे, तो लिहून घ्या.

एक शेवटचं, घाईत सांगते, कारण दूधवाल्या बायका मघापासून खुणा करताहेत. जनावरांच्या मिनरल मिक्श्चरमध्येही हाच खेळ आहे. गाय गाभण राहत नाही म्हणून पोतं आणायचं, आत बरीचशी चुनखडीची भुकटी आणि मीठ. त्याचं प्रमाण ठरवणारं भारतीय मानक आहे, आयएस १६६४. पोत्यावर आयएसआयची खूण आणि हा आकडा आहे का ते पाहा, नुसत्या गायीच्या चित्रावर जाऊ नका.

निरोपात सांगितल्याप्रमाणे सगळ्यांनी घरातल्या गोळ्या, पावडरी, बाटल्या आणल्या आहेत. चहा होईपर्यंत त्या मध्ये सतरंजीवर मांडा. ज्यांच्या पट्टीवर बॅच नंबर आणि तारीख आहे त्या खिडकीकडे, ज्यांच्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं लिहिलंय त्या मधल्या खांबापाशी. इंग्रजी वाचता येणाऱ्या मुलींनी दोन-दोन जणींसोबत बसायचं. आणि ज्यांच्याकडे नुसतेच कापलेले तुकडे आहेत, त्यांनी माझ्याजवळ या. दुकानाचं नाव आणि घेतल्याचा अंदाजे दिवस लिहून घेऊ.